हे ठरवायचं कुणी?

परदेशात शिकलेल्या डॉक्टरला ऑस्ट्रेलियात मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याखाली प्रॅक्टिस करायची, तर दहा वर्षांपर्यंत जिथे डॉक्टरांची टंचाई आहे तिथेच बसावं लागतं. १९९७ पासूनचा नियम आहे. त्यामुळे पुण्या-नागपूरकडून गेलेल्या पुष्कळ मराठी डॉक्टरांच्या वाट्याला सिडनीच्या आधी वाळवंटाकडेचं एखादं गाव येतं. आणि समोर बसतो तो ॲबोरिजिनल, म्हणजे तिथला मूळनिवासी पेशंट, ज्याच्याविषयी आपल्याकडच्या एमबीबीएसच्या पुस्तकांत अवाक्षर नसतं. मग नोकरी लागल्या लागल्या एक शब्द कानावर आदळायला लागतो : कल्चरल सेफ्टी. परवान्याच्या नियमांत तो, कॉलेजच्या अभ्यासक्रमात तो, सोमवारच्या मीटिंगमध्येही तोच.

खाली बोलतात ती एक आत्या आणि तिचा भाचा. आत्या नॉर्दर्न टेरिटरीत ॲबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवलेल्या दवाखान्यांत जनरल प्रॅक्टिशनर होती, आता निवृत्त. भाचा विदर्भातल्या सरकारी कॉलेजातून शिकून, ऑस्ट्रेलियातली परीक्षा पास होऊन, नॉर्दर्न टेरिटरीतल्याच एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा रजिस्ट्रार झालेला. दोघं माझ्या कल्पनेतली आहेत, त्यांची मतं मात्र खरीखुरी, रोज कुणीतरी मांडतं अशी. माझा कल आत्याकडे आहे हे लपवत नाही. पण भाच्याच्या एक-दोन प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही.

भाचा : परवा पहाटे माझी एक पेशंट डामा झाली, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न जुमानता निघून गेली. सदतीस वर्षांची बाई. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्याला तीनदा डायलिसिस, वर न्यूमोनिया. दोन दिवस अँटिबायोटिक दिलं, ऑक्सिजन कमी करत आणला, आणि तीन वाजता सिस्टर राउंडला गेली तर खाट रिकामी. कॅन्युला हातात तशीच घेऊन गेली. आणि सकाळी मलाच विचारतात, कल्चरल सेफ्टीचा विचार झाला होता का? अरे, मी तिचा जीव वाचवत होतो!

आत्या : तिच्या समोरच्या खाटेवर कोण होतं?

भाचा : कोण असणार? दुसरी पेशंट. एक म्हातारी. तिचा कुणी नातू का पुतण्या रात्री खुर्चीतच झोपला होता.

आत्या : तो तुझ्या बाईचा नात्याने जावई लागत असेल तर? मुलीचा नवरा असायला हवा असं नाही, नात्याच्या हिशेबात त्या जागी बसत असला तरी पुरे. वाळवंटातल्या बऱ्याच समाजांत सासू आणि जावई एका खोलीत थांबत नाहीत. एकमेकांशी बोलत नाहीत, तोंडासमोर येत नाहीत. कडक नियम असतो तो.

भाचा : असंच झालं, हे तुला कसं माहीत?

आत्या : माहीत नाहीच. घरी कुणी गेलं असेल, लहान मूल कुणाकडे तरी ठेवलं असेल, आणखी काही असेल. पण तुलाही माहीत नाही ना? दोन दिवस होती ती तुमच्याकडे.

भाचा : मी विचारलं होतं. सगळं ठीक ना? हो म्हणाली. औषध समजलं ना? हो म्हणाली. थांबणार ना? हो.

आत्या : कुठल्या भाषेत?

भाचा : इंग्रजीत. म्हणजे… बोलते ती इंग्रजी.

आत्या : घरी काय बोलते? वार्लपिरी? लुरिचा? पिचनचचारा? तिची इंग्रजी चौथी भाषा असेल. टेरिटरीत २००० सालापासून सरकारी दुभाषी सेवा आहे, फोनवरसुद्धा माणूस मिळतो. बोलावलास?

भाचा : शनिवार होता आत्या. सतरा ॲडमिशन होत्या.

इथे मला आपल्या सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी आठवते. डॉक्टर मान वर न करता म्हणतात, 'समजलं ना?' आणि टोपी हातात धरलेला माणूस म्हणतो, 'हो साहेब.' त्या 'हो'चा अर्थ समजलं असा क्वचितच असतो. 'आता मला जाऊ द्या' असा जास्त वेळा असतो. ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. विमानात बसलं की विसरायला होते की काय, कुणास ठाऊक.

भाचा : बरं, दुभाष्याचं मान्य. ते चांगल्या डॉक्टरकीतच येतं, त्याला वेगळं नाव कशाला? माझा राग त्या बाकीच्या सोंगावर आहे. ऑनलाइन मॉड्यूल असतं एक. लाल माती, सूर्यास्त, डिजेरिडूचं संगीत. मग दहा प्रश्न. उत्तर चुकलं तर पुन्हा टिचकी मारायची, बरोबर येईपर्यंत. शेवटी सर्टिफिकेट. माझ्या शेजारचा तर हे करता करता क्रिकेट बघत होता. दर मीटिंगला आधी म्हणायचं की ही जमीन अमक्यांची आहे, त्यांच्या पूर्वजांना वंदन. आणि मग त्याच मीटिंगमध्ये ठरवायचं की त्याच लोकांच्या गावचा फिरता दवाखाना महिन्यातून एकदाच पाठवू.

आत्या : यात मी तुझ्या बाजूने आहे. त्या मॉड्यूलला कल्चरल सेफ्टी म्हणणं म्हणजे ट्रॅफिकचे बोर्ड पाठ केलेल्याला ड्रायव्हर म्हणणं. त्यात 'त्यांची संस्कृती' शिकवतात. ते असे असतात, ते डोळ्यांत बघत नाहीत, त्यांना नाव विचारू नका. म्हणजे पुन्हा तपासायचं त्यांनाच, सूक्ष्मदर्शकाखाली. मूळ गोष्ट नेमकी उलटी होती. तपासायचं स्वतःला होतं : माझ्या हातात काय सत्ता आहे, मी काय गृहीत धरून खोलीत शिरलो. आणि पेशंटला सुरक्षित वाटलं की नाही, हे ठरवायचं पेशंटने.

भाचा : हां! तिथेच माझी गाडी अडते. हे ठरवायचं पेशंटने म्हणजे काय? क्रिएटिनिन किती हे पेशंट ठरवतो का? उद्या कुणी म्हणालं, या डॉक्टरकडे मला असुरक्षित वाटलं, की मी काय दाखवणार? कुठला रिपोर्ट जोडणार?

आत्या : ऑपरेशननंतर पेशंटला विचारतोस ना, दुखतंय का, दहापैकी किती? तो आठ म्हणाला, तर भूलतज्ज्ञ असं म्हणतो का, की छे, मी डोस बरोबर दिलाय, तुझं दुखणं दोन असायला हवं?

भाचा : म्हणतात काही जण.

आत्या : म्हणतात, आणि कुणाला म्हणतात तेही बघ एकदा.

परवाने देणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेने २०२० साली जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात आत्या म्हणते तेच आहे : सुरक्षित काय हे ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या व्यक्ती, कुटुंबं आणि समाज ठरवतील. डॉक्टरने आपलं ज्ञान, वागणं आणि हातातली सत्ता सतत तपासत राहायचं. २०२२ साली हे तत्त्व परवान्यांच्या कायद्यातच आलं. त्याआधी २०१८ मध्ये नर्सेसच्या आचारसंहितेत हा विषय आला, तेव्हा टीव्हीवर बोंब उठली होती की आता गोऱ्या नर्सने पेशंटला हात लावण्याआधी आपल्या गोरेपणाची माफी मागायची. संहितेत तसं एकही वाक्य नव्हतं. पण त्या बोंबेमागची भीती खोटी नव्हती, आणि भाच्याची भीती तिचीच धाकटी बहीण आहे.

भाचा : मी कुणाचा द्वेष करत नाही. सगळ्यांना सारखं वागवतो. गोरा असो, काळा असो, समोर फुप्फुस असतं.

आत्या : तुला मिस डूची केस माहीत आहे?

भाचा : नाव ऐकलंय. पोलिस कोठडीतली ना?

आत्या : कोठडीतली आणि हॉस्पिटलातलीही. २०१४ चा ऑगस्ट, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात साउथ हेडलंड. बावीस वर्षांची मुलगी. घरच्यांनी विनंती केली की रिवाजाप्रमाणे गेलेल्या माणसाचं पहिलं नाव घेऊ नका, म्हणून सगळे तिला मिस डू म्हणतात. जुने दंड थकले होते, ३,६२२ डॉलर, तेवढ्यासाठी पोलिसांनी आत टाकली. छाती दुखते, अंग दुखते म्हणून ओरडत होती. बरगडी आधी मोडलेली होती, जोडीदाराच्या मारहाणीत, आणि तिथे जंतुसंसर्ग झाला होता. दोन-तीन दिवसांत तिला तीनदा हॉस्पिटलात नेलं. पहिल्या दोन खेपांना तपासून सांगितलं, कोठडीत ठेवायला हरकत नाही. एका खेपेला ताप मोजलासुद्धा नाही. बावीस वर्षांची मुलगी, छाती दुखते म्हणते, आणि थर्मामीटर नाही! निदानाच्या जागी शेरा काय, तर वर्तनाचा प्रश्न. तिसऱ्या खेपेला ती चालू शकत नव्हती. पोलिसांना वाटलं नाटक करते, त्यांनी हातापायांना धरून गाडीत घातली. पोचली तेव्हा हृदय बंद पडलेलं. स्टॅफिलोकोकसचा सेप्टिसीमिया आणि न्यूमोनिया.

भाचा : …व्यसन करत होती असंही वाचलं होतं कुठेतरी. मग विड्रॉलचा संशय येणं अगदीच चूक नाही. डिफरन्शियलमध्ये ते असतंच.

आत्या : असावंच. पण तेवढं एकच असावं का? कोरोनरचा निकाल २०१६ च्या डिसेंबरात आला. त्यात असं म्हटलेलं नाही की कुणी डॉक्टर मनात वंशद्वेष ठेवून वागला. तुझ्यासारखेच असतील सगळे, द्वेष न करणारे. गृहीत मात्र धरलं गेलं, आणि त्या गृहीताने तपासणी तिथेच थांबली. बरं, व्यसनाचं बाजूला ठेव. नाओमी विल्यम्सकडे ये. न्यू साउथ वेल्समधलं टुमुट. सत्तावीस वर्षांची विराजुरी बाई, नोकरी करणारी, सहा महिन्यांची गरोदर. आधीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा हॉस्पिटलात जात होती, उलट्या आणि दुखणं घेऊन. तिची गाडीही व्यसनमुक्तीच्या रुळावरच वळवत राहिले. २०१६ च्या पहिल्या दिवशी मध्यरात्रीनंतर हॉस्पिटलात गेली, तर चौतीस मिनिटांत पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या देऊन घरी. त्याच दिवशी सेप्सिसने गेली. पोटातल्या बाळासकट.

भाचा : …

आत्या : सारखं वागवतो म्हणतोस ना? दोघींनाही सारखंच वागवलं. फाइल उघडायच्या आधी जे मनात होतं, त्याच्यासारखं.

भाचा : हे अघोरी आहे, मान्य. पण हे क्लिनिकल चुकांत मोडतं. सेप्सिसचा प्रोटोकॉल पाळा, ताप मोजा, लॅक्टेट करा. त्यासाठी संस्कृतीचं काय काम?

आत्या : प्रोटोकॉल भिंतीवर लावलेला असतो. तो कुणासाठी काढायचा हे डोकं ठरवतं. आणि एक बाजू तू विसरतोस. पेशंट परत आलाच नाही, तर प्रोटोकॉल लावणार कुणाला? या लोकांची हॉस्पिटलशी ओळख कशी झाली ते वाच एकदा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडे दोन बेटं आहेत, बर्नियर आणि डॉर. १९०८ ते १९१९ तिथे 'लॉक हॉस्पिटलं' होती. गुप्तरोगाचा संशय आला की ॲबोरिजिनल माणसांना पकडून, साखळ्या घालूनसुद्धा, तिथे नेत. पुरुष एका बेटावर, बायका दुसऱ्या. कितीतरी जण परत आलेच नाहीत. पुढे आयांपासून मुलं तोडण्याचं धोरण कित्येक दशकं चाललं, आणि काही तान्ही मुलं तर थेट प्रसूतीच्या वॉर्डातून नेली. त्याचा अहवाल १९९७ ला आला आणि देशाच्या पंतप्रधानाने संसदेत माफी मागितली २००८ ला. ज्या आजीचं बाळ असं गेलं, ती नातीला काय सांगत असेल, हॉस्पिटलात जा म्हणून?

भाचा इथे गप्प बसला असता, तर लेख लिहायला सोपा गेला असता. पण तो बसत नाही, आणि याच्यापुढे जे म्हणतो ते मला सगळ्यात वजनदार वाटतं.

भाचा : ठीक. आता माझं ऐक. माझ्या वॉर्डात विशीतली पोरं हृदयाच्या झडपा खराब होऊन येतात. ऱ्हुमॅटिक हार्ट डिसीज. आपल्याकडे नायर-केईएममध्ये पाहिलेला आजार, जो मेलबर्नच्या डॉक्टरला पुस्तकात बघावा लागतो. तो कशाने होतो? घसादुखीच्या जंतूने. आणि तो पसरतो कशाने? तीन खोल्यांच्या घरात पंधरा माणसं झोपतात म्हणून. नळ तुटला तर सहा महिने कुणी येत नाही म्हणून. मग त्या पोराला दर २८ दिवसांनी कमरेत पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. चुन्यासारखं घट्ट औषध असतं ते, मोठा माणूसही कळवळतो. आता सांग, मी कितीही नम्रपणे, दुभाषी घेऊन, आजीची परवानगी घेऊन ते टोचलं, तरी घर तेवढंच राहणार ना? सरकारला घरं बांधायची नाहीत. डायलिसिसच्या खुर्च्या वाढवायच्या नाहीत. मग स्वस्तात काय पडतं? डॉक्टरला मॉड्यूल करायला लावणं. पुरुषांचं आयुर्मान जवळपास नऊ वर्षांनी कमी आहे, बायकांचं आठ वर्षांनी. ते काय माझ्या बोलण्याच्या पद्धतीमुळे?

आत्या : नाही. आणि जो कुणी असं सांगेल की डॉक्टर गोड बोलले की ही दरी बुजेल, त्याला तू खुशाल हाकलून दे.

भाचा : मग?

आत्या : मग तुला डायलिसिसच्याच खुर्च्यांची गोष्ट सांगते. किंटोर म्हणून वस्ती आहे, ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटर. पिंटुपी लोकांची. नव्वदच्या दशकात तिथे कुणाची किडनी गेली, की त्याने ॲलिसला यायचं आणि मरेपर्यंत तिथेच राहायचं. नदीच्या कोरड्या पात्रात, नातेवाइकांच्या ओसरीत, कुठेही. बरेच जण वस्तीतले जाणते. गाणी, विधी, कुठल्या पाणवठ्याची गोष्ट कुणाकडे, हे सगळं त्यांच्यापाशी. ते गेले की वस्ती पोरकी. काही जण उपचार सोडून घरी मरायला जायचे. आमच्या फाइलींवर त्याचाही शेरा तोच असायचा, तू परवा लिहिलास तो. ते म्हणत होते, मशीन आमच्याकडे आणा. उत्तर मिळायचं, परवडत नाही, वाळवंटात जमत नाही. मग त्यांच्यातल्या चित्रकारांनी, पपुन्या तुला या त्यांच्या मंडळीने, एकत्र बसून मोठमोठी चित्रं काढली. २००० च्या नोव्हेंबरात सिडनीच्या सरकारी आर्ट गॅलरीत लिलाव झाला. दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे राहिले. २००४ ला किंटोरमध्ये डायलिसिस सुरू झालं. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेला आज सगळे पर्पल हाउस म्हणतात. कितीतरी वस्त्यांत त्यांची मशीनं आहेत, एक ट्रकसुद्धा फिरतो. २०१८ पासून दुर्गम वस्तीतल्या डायलिसिससाठी मेडिकेअरमध्ये वेगळा दर आला.

भाचा : हे माहीत नव्हतं.

आत्या : खुर्च्या किती हव्यात हे आपण ठरवू शकतो रे. कुठे हव्यात हे त्यांनी ठरवलं. आपल्या हिशेबात अंतर ही पेशंटची अडचण होती. त्यांच्या हिशेबात ती उपचारातली चूक होती. म्हणून पैशाचा प्रश्न एकीकडे आणि हा दुसरीकडे असं मला नाही करता येत. घरांचंही तेच. घरं बांधली जातात अधूनमधून, पण शहरातल्या चौकोनी कुटुंबाच्या आकाराची.

भाचा : शोधग्रामसारखं आहे हे थोडं. इंटर्न असताना आम्हाला गडचिरोलीला नेलं होतं. बंगांच्या 'सर्च'मध्ये. हॉस्पिटलचं नाव दंतेश्वरी, गोंडांच्या देवीचं, लोकांनीच सुचवलेलं. वॉर्ड म्हणजे झोपड्या, नातेवाईक सोबत राहतात. त्यांनी आधी लोकांना विचारलं होतं की दवाखान्यात का येत नाही तुम्ही.

आत्या : तेव्हा तुला राग आला होता का, हे ठरवणारे गोंड कोण म्हणून?

भाचा : उलट वर्गात येऊन त्यावर निबंध लिहिला होता. (हसतो) पण तिथे मी पाहुणा होतो. इथे माझं लायसन्स टांगणीला आहे. तक्रार आली, तर महिनोन्महिने चौकशी. ती चालू असताना पर्मनंट रेसिडेन्सीचे कागद अडतात, ट्रेनिंगचा नंबर जातो. गोऱ्या कन्सल्टंटला वकील मिळतो, बाप ओळखीचा असतो. आमच्यासारख्याला काय? आणि मला सांग, परवा एक शेतकरी म्हणाला, मला खरा डॉक्टर पाठवा. खरा! माझ्या सुरक्षिततेचं मॉड्यूल कुठे आहे?

आत्या : याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुला तो म्हणाला ते वाईट आहे, आणि तक्रारीची यंत्रणा बाहेरून आलेल्या डॉक्टरला जास्त घाबरवते हेही खरं. कायद्याने कल्चरल सेफ्टी घातली, पण चौकशीला बसणारं माणूस ती कशी मोजणार हे अजून कुणालाच नीट जमलेलं नाही. पण ही गोष्ट सुरू कुठे झाली ते बघ. पेशंटपासून नाही झाली. न्यूझीलंडमध्ये, १९८८ साली क्राइस्टचर्चला माओरी नर्सेसची बैठक होती. तिथे एका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारलं, तुम्ही कायद्याची सुरक्षितता शिकवता, नीतीची शिकवता, उपचारातली शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? इरिहापेटी रॅम्सडेन नावाच्या माओरी नर्सने त्यावर पुढची सगळी बांधणी केली. १९९२ ला ती तिकडच्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आली. म्हणजे मुळात हा वर्गात बसलेल्या मुलीचा प्रश्न होता. तुमच्याकडे आहे ना एक ॲबोरिजिनल इंटर्न?

भाचा : आहे. हुशार आहे. तिला काय झालं?

आत्या : तेच विचारते.

भाचा : तिचं काय… सगळे तिला विचारतात. म्हणजे पेशंट ऐकत नसेल तर म्हणतात, तू जाऊन बघ ना, तुझ्या लोकांपैकी आहे. ती शेकडो मैलांवरची आहे, भाषा वेगळी, तरी. मॉड्यूलवर अभिप्राय तिनेच द्यायचा, समितीवर तीच, झेंडा लावताना फोटोत तीच. तिचे डिस्चार्ज समरी राहून जातात मग, आणि त्याबद्दल बोलणी बसतात. रंगाने उजळ आहे, तर एक कन्सल्टंट तिला म्हणाला, तू तशी वाटत नाहीस, नक्की किती टक्के? आणि त्याच्यापुढे एक विनोद केला, की ॲडमिशनला मात्र शंभर टक्के कामाला आलं असेल.

आत्या : मग?

भाचा : हसले काही जण.

आत्या : तू?

भाचा : मी फाइल बघत होतो.

या दोन ओळींवर मला थांबावंसं वाटतं. मेलबर्नला मेडिकल स्कूल निघालं १८६२ साली. या देशात पहिली ॲबोरिजिनल व्यक्ती डॉक्टर झाली १९८३ मध्ये : हेलन मिलरॉय, पर्थच्या विद्यापीठातून. मधली १२१ वर्षं जागा कुणासाठी राखीव होत्या, असं त्या कन्सल्टंटला कुणी विचारत नाही. लोकसंख्येत हे लोक ३.८ टक्के आहेत, डॉक्टरांमध्ये अजून एक टक्काही नाहीत. मेडिकल बोर्ड दरवर्षी शिकाऊ डॉक्टरांची पाहणी करतं. छळ, भेदभाव, वंशवाद भोगला किंवा पाहिला असं सांगणारे एकूणात साधारण एक-तृतीयांश निघतात. ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या शिकाऊ डॉक्टरांत निम्म्याहून जास्त.

आत्या : तुमच्या कॉलेजात पहिल्या आठवड्यात काय विचारायचे रे?

भाचा : रँक.

आत्या : रँक कशाला?

भाचा : … कॅटेगरी कळायला. सरळ विचारत नसत. सीईटीला किती होते, कितव्या राउंडला लागला. आकडा ऐकला की पुढचं आपोआप. मेसमध्ये टेबलं पण पडायची तशी. एसटीच्या दोन मुली होत्या आमच्या बॅचला, नंदुरबारकडच्या. व्हायव्हाला एक सर त्यांना हमखास विचारायचे, बेटा, मराठीतून सांगितलं तरी चालेल.

आत्या : त्यांना काय वाटायचं?

भाचा : विचारलं नाही कधी. पायल तडवी गेली तेव्हा त्यातल्या एकीने स्टेटस ठेवलं होतं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, विचारायला हवं होतं.

डॉ. पायल तडवी जळगावकडच्या, तडवी भिल्ल समाजातल्या. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. २२ मे २०१९ रोजी त्यांनी जीव दिला. जातीवरून छळाच्या आरोपाखाली तीन सीनियर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. त्यांच्या जाण्याआधीच घरच्यांनी कॉलेजात तक्रार केली होती, असं घरच्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे तेव्हा चर्चा झाली ती रॅगिंगची, कामाच्या ताणाची आणि आरक्षणाची. ज्या वॉर्डात आदिवासी डॉक्टरलाच श्वास घेता येत नाही, तिथे आदिवासी पेशंटचं काय होत असेल, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

भाचा : पण आत्या, तुलना पूर्ण नाही बसत. तिकडे मी बहुसंख्य होतो. इकडे मी स्वतःच बाहेरचा.

आत्या : पूर्ण नाहीच बसत. तू इथे दोन्हीकडे आहेस. त्या शेतकऱ्यासमोर तू खालचा, तुझ्या पेशंटसमोर तू वरचा. दुपारी एक, संध्याकाळी दुसरा. त्रास होतो खरा. पण त्यामुळे तुला एक गोष्ट गोऱ्या कन्सल्टंटपेक्षा लवकर कळायला हवी.

भाचा : आणि कळली तर? त्या विनोदाला मी काय करायचं होतं? तो कन्सल्टंट माझ्या असेसमेंटवर सही करतो.

आत्या : तिच्याही करतो.

भाचा : म्हणजे मी बोलायचं. रिपोर्ट करायचं.

आत्या : मी तसं कुठे म्हटलं? आधी तिला विचार, तिला काय हवंय. तू शूरवीर होऊन तक्रार टाकशील, आणि चौकशीत उभं राहायला लागेल तिला. कदाचित ती म्हणेल, खोलीत तू काहीतरी बोलला असतास तर बरं झालं असतं. किंवा म्हणेल, गप्प बस, मला वर्ष संपवू दे. तेही ऐकावं लागेल. मात्र तिची समितीची कामं वाटून घ्यायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. आणि डिस्चार्ज समरी तर तुला येतातच लिहिता.

भाचा : आणि ती डामा झालेली बाई?

आत्या : तिची डायलिसिसची पाळी कधी आहे?

भाचा : काल होती. आली नाही.

आत्या : मग इथे काय करतोयस? ॲबोरिजिनल लायझन ऑफिसरला फोन लाव. दुभाषी माग, पण आधी विचारून घे की कोण चालेल. एखाद्याशी तिचं बोलायचं नातं नसेल. आणि ती सापडली, तर पहिल्यांदा अँटिबायोटिकचं नको काढूस.

भाचा : न्यूमोनिया आहे तिला!

आत्या : आहे ना. म्हणून लवकर फोन लाव. पण का गेली ते आधी विचार.

भाचा : आणि ती पुन्हा नुसतं 'हो' म्हणाली तर?